लष्करी विमानांचे जतन आणि प्रदर्शन : लिबरेटर विमानांच्या निमित्ताने

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, नाणी, शिलालेख आणि ताम्रपट यांची नावे प्रथम घेतली जातात. यंत्र हेही इतिहासाचे साधन होय, हा विचार त्या मानाने अलीकडचा. विसाव्या शतकातील युद्धांच्या अभ्यासकाला मात्र तो टाळता येत नाही. विमानदलाच्या नोंदवह्यांत उड्डाणाचा दिवस, चालकाचे नाव आणि मोहिमेचे ठिकाण सापडते. परंतु विमान कोठे फुटले, कोणी व कशाने सांधले, कोणता भाग घाईत बदलला गेला, यांची साक्ष पुष्कळदा विमानाच्या पत्र्यावर, रिव्हेटांच्या ओळींत आणि रंगाच्या थरांतच उरलेली असते. अशी विमाने संग्रहालयात येतात तेव्हा ती बहुधा मोडकळीस आलेली असतात, आणि प्रेक्षकांपुढे मांडण्यापूर्वी त्यांवर काही ना काही काम करावेच लागते. हे काम कोठवर करावे, आणि विमानाच्या आयुष्यातील कोणता काळ प्रेक्षकांना दाखवावा, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचे विषय आहेत. विवेचनासाठी प्रामुख्याने लिबरेटर या बाँबफेक्या विमानांचे उदाहरण घेतले आहे. कारण त्यांच्यापैकी पुष्कळशी केवळ भारतामुळे वाचली, आणि त्यांच्या उत्तरायुष्याचा पुण्याशी निकटचा संबंध आहे.

संज्ञांचा विचार

संग्रहालयात विमानावर जे काम केले जाते त्याला व्यवहारात सरसकट 'दुरुस्ती' म्हणतात. परंतु या एका शब्दाखाली निदान चार भिन्न क्रिया मोडतात. विमान आज ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत त्याचा ऱ्हास थांबवणे, ही पहिली क्रिया. तिला जतन म्हणावे. विमानाच्या गतायुष्यातील एक क्षण निवडून त्या क्षणी ते जसे होते तसे त्याला पुन्हा आणणे, ही दुसरी. तिला पुनःस्थापन म्हणता येईल. मूळचे भाग फारसे उरलेले नसताना जुन्या आराखड्यांवरून नवे भाग घडवून विमान उभे करणे, ही तिसरी क्रिया म्हणजे पुनर्रचना. आणि विमान पुन्हा आकाशात नेण्याच्या हेतूने त्याची सिद्धता करणे, ही चौथी. पहिल्या क्रियेत मूळ द्रव्याला सर्वांत कमी धक्का लागतो. पुढील तिन्हींत तो कमीअधिक प्रमाणात लागतोच.

वास्तूंच्या क्षेत्रात हा भेद पूर्वीच मान्य झालेला आहे. सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली भारतीय पुरातत्त्व खात्यासाठी सिद्ध केलेल्या संधारणविषयक पुस्तिकेत जीर्णोद्धारापेक्षा आहे ते सांभाळण्यावर भर दिला होता. १९६४ मध्ये व्हेनिस येथे संमत झालेल्या सनदेने दोन तत्त्वे स्पष्ट केली. जेथे केवळ तर्क सुरू होतो तेथे पुनःस्थापनाचे काम थांबले पाहिजे, हे पहिले. एका वास्तूवर निरनिराळ्या काळांनी जे संस्कार केले असतील त्या सर्वांचा मान राखला पाहिजे, हे दुसरे. केलेले काम पुढे आवश्यक तर काढून टाकता यावे, हे तिसरे तत्त्व महाराष्ट्राने अजिंठ्याच्या लेण्यांत अनुभवाने शिकले आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने पाचारण केलेल्या इटालियन तज्ज्ञांनी तेथील भित्तिचित्रांवर लाखेच्या रोगणाचा थर दिला. हेतू रक्षणाचा होता. परंतु तो थर कालांतराने पिवळा पडला, आणि तो काढण्याचे जिकिरीचे काम पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. विमानाच्या पत्र्यावर नवा रंग चढवणाऱ्यानेही हा धडा ध्यानी ठेवावयास हवा.

द्रव्याचे स्वरूप

विमान ही वास्तूपेक्षा नाजूक वस्तू आहे. वास्तू टिकावी म्हणून बांधली जाते. युद्धकालीन विमान काही वर्षे, कित्येकदा काही महिने चालावे, एवढ्याच अपेक्षेने घडवले जात असे. वजन कमी राखणे ही त्याच्या रचनेतील मुख्य अट. म्हणून त्याचे धड व पंख ड्युरॅल्युमिनच्या पातळ पत्र्याचे असत. ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम व मँगनीज मिसळून केलेला हा मिश्रधातू जर्मनीत आल्फ्रेट व्हिल्म यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोधून काढला. तांब्यामुळे त्याला बळकटी येते. परंतु त्याच तांब्यामुळे ओलावा मिळताच धातूच्या कणांच्या सीमांवर क्षरण सुरू होते. वरून पत्रा अभंग दिसावा आणि बोटाने दाबताच त्याचे पापुद्रे सुटावेत, अशी स्थिती यामुळे संभवते.

दुसरी अडचण भिन्न धातूंच्या सान्निध्याची. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादी बोल्ट भिडलेला असतो, तर शेजारी मॅग्नेशियमचा ओतीव भाग असतो. दमट हवेत अशा जोडीतून सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो आणि जो धातू अधिक क्रियाशील तो झिजत जातो. मॅग्नेशियमचे भाग सर्वांत आधी जातात. याशिवाय विमानात रबराच्या नळ्या, सुकाणूच्या भागांवर ताणलेले कापड, पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या, चामडे आणि लाकूड असते. यांतील प्रत्येक पदार्थ स्वतःच्या गतीने जीर्ण होतो, आणि एकाला मानवणारे रसायन दुसऱ्याला घातक ठरते. रात्री दिसावीत म्हणून जुन्या उपकरणांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावीत. त्या तबकड्या हाताळताना किरणोत्सर्गाची खबरदारी घ्यावी लागते.

समुद्रातून काढलेल्या विमानात या सर्व अडचणी एकवटतात. २६ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळील गुडविन वाळूच्या परिसरात पडलेले जर्मन डॉर्निअर १७ विमान जून २०१३ मध्ये वर काढण्यात आले. सात दशके मुरलेले क्षार हवा लागताच धातूचा चुरा करून टाकतील, ही भीती होती. म्हणून कॉसफर्ड येथे ते विमान बंदिस्त मांडवात ठेवून त्यावर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचा फवारा दीर्घकाळ चालू ठेवला गेला. लिंबात आढळणाऱ्या या आम्लाने समुद्री थर सुटतात आणि द्रावणाची तीव्रता नीट राखल्यास पत्र्याला इजा होत नाही. येथे विमान नवे करण्याचा प्रश्नच नव्हता. जे उरले आहे ते उरू देणे, एवढेच साधावयाचे होते.

लिबरेटर विमानांची दोन आयुष्ये

द्वितीय महायुद्धात अमेरिकेत १८,००० हून अधिक लिबरेटर विमाने तयार झाली. चार इंजिनांचे हे लांब पल्ल्याचे विमान अमेरिकेप्रमाणेच ब्रिटनच्या विमानदलानेही वापरले, आणि आग्नेय आशियातील युद्धात भारतातील तळांवरून त्याची उड्डाणे झाली. युद्ध संपल्यावर त्यांची गरज संपली. अमेरिकेच्या १९४१ सालच्या उसनवारी-कायद्यान्वये मिळालेली ही विमाने परत करावयाची किंवा निकामी करावयाची होती. ब्रिटिश विमानदलाने कानपूर येथे त्यांचा एक मोठा ताफा जमा केला आणि ती पुन्हा उडू नयेत अशा रीतीने त्यांची मोडतोड केली.

स्वातंत्र्यानंतर भारतीय वायुदलाला जड बाँबफेक्या विमानांची तातडीची निकड भासली, तेव्हा दृष्टी या ढिगाऱ्याकडे वळली. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याने हे काम अंगावर घेतले. १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने स्थापन केलेला हा कारखाना तेव्हा सरकारी मालकीचा झाला होता. एका विमानाचे भाग दुसऱ्याला जोडून, कानपुरातच उडण्यापुरती डागडुजी करून ही विमाने बंगलोरला नेण्यात आली. कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही जोखमीची उड्डाणे केली. बंगलोरला संपूर्ण दुरुस्ती होऊन सुमारे ४० विमाने सेवेत आली. १९४८ च्या नोव्हेंबरात पाचव्या स्क्वॉड्रनची स्थापना या विमानांवर झाली, आणि लवकरच पुणे हा तिचा तळ झाला. १९५१ मध्ये सहावी स्क्वॉड्रन पुण्यास उभी राहिली आणि समुद्रावरील टेहळणीचे काम लिबरेटरांकडे आले. १९६८ च्या अखेरीस ती सेवेतून निवृत्त झाली. अमेरिकेत ज्या विमानांचे युद्धोत्तर काळात भंगार झाले, तीच पुण्याच्या लोहगाव तळावर त्यानंतर दोन दशके उडत होती.

निवृत्तीनंतर जगातील संग्रहालयांनी भारताकडे धाव घेतली, यात नवल नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय विमान-संग्रहाला १९६८ मध्ये एक लिबरेटर मिळाले. १९६९ मध्ये एक विमान भारतातून उडत अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात गेले. ते टूसॉन येथील पिमा संग्रहालयात आहे. १९७४ मध्ये आणखी एक ब्रिटनला उडत गेले आणि रॉयल एअर फोर्स म्यूझियमच्या संग्रहात दाखल झाले. चौथे १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने विकत घेऊन इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये ते अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे आले आणि प्रदीर्घ परिश्रमांनंतर १९८९ मध्ये पुन्हा उडाले. एक लिबरेटर दिल्लीजवळील पालम येथे भारतीय वायुदलाच्या संग्रहालयात भारतीय चिन्हांसह उभे आहे.

परदेशी गेलेल्या विमानांच्या बाह्यरूपाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमधील विमान कोकोस बेटांवरून उडणाऱ्या ९९ व्या ब्रिटिश स्क्वॉड्रनच्या रूपात आहे. ते त्याच स्क्वॉड्रनचे होते, त्यामुळे येथे त्याच्या खऱ्या आयुष्यातील एक काळ निवडला गेला एवढेच. पिमा येथील विमानाला मात्र इंग्लंडमधील बंगे तळावरून लढलेल्या एका अमेरिकन विमानाचे नाव व रंग देण्यात आले. कॉलिंग्ज फाउंडेशनच्या विमानाने तर तीन रूपे धारण केली : प्रथम 'ऑल अमेरिकन', १९९८ मध्ये पॅसिफिकमध्ये लढलेले 'द ड्रॅगन अँड हिज टेल', आणि २००५ मध्ये १३० मोहिमा केलेले 'विचक्राफ्ट'. यांतील एकाही विमानाचे आयुष्य त्याने प्रत्यक्षात जगलेले नव्हते. ज्यांची नावे घेतली गेली ती विमाने केव्हाच नष्ट झाली होती, आणि त्यांच्या चालकदलांची स्मृती जागवणे हा या रंगकामामागील हेतू होता. त्या हेतूला दोष देता येत नाही. परंतु परिणाम असा झाला की, ज्या देशाच्या कारागिरांनी विमान वाचवले आणि ज्यांनी ते सर्वाधिक काळ उडवले, त्यांचे नाव त्या विमानाच्या अंगावरून पुसले गेले. अभ्यासकाच्या दृष्टीने हा प्रश्न राष्ट्राभिमानाचा नाही, पुराव्याचा आहे. बंगलोरच्या कारखान्यातील जोडकाम हा त्या विमानाच्या देहातील सर्वांत दुर्मिळ थर होय; कारण लिबरेटर कसे बनवीत हे आराखड्यांवरून कळते, मोडलेले लिबरेटर पुन्हा कसे उभे केले हे मात्र त्या सांध्यांवरूनच कळू शकते.

दोन मार्ग

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या दोन विमानांवरून या प्रश्नाची दोन उत्तरे स्पष्ट होतात. हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे 'एनोला गे' हे विमान युद्धानंतर बरीच वर्षे उघड्यावर पडून होते. १९८४ च्या डिसेंबरात त्यावर काम सुरू झाले आणि सुमारे ३ लाख श्रमतास खर्ची पडून २००३ मध्ये ते संपूर्ण स्वरूपात मांडले गेले. येथे निवडलेला क्षण होता ऑगस्ट १९४५. त्यानंतरच्या पडझडीच्या खुणा दूर करून पत्रा पुन्हा लखलखीत करण्यात आला.

त्याच संस्थेचे 'फ्लॅक-बेट' हे मॅरॉडर जातीचे विमान युरोपात २०० हून अधिक मोहिमांवर गेले. तोफांच्या माऱ्याने त्याला पडलेली एक हजारांहून अधिक भोके ठिगळे लावून बुजवलेली आहेत, आणि नाकाजवळ मोहिमांच्या खुणांच्या रांगा रंगवलेल्या आहेत. १९७६ पासून या विमानाचा केवळ अग्रभाग प्रदर्शित होता. २०१४ मध्ये सर्व भाग कार्यशाळेत आणले गेले, तेव्हा संस्थेने वेगळा मार्ग पत्करला : मूळ रंग काढावयाचा नाही, मळ आणि गंज तेवढा दूर करावयाचा, ठिगळे जशीच्या तशी ठेवावयाची. येथे विमानाचा पृष्ठभागच दस्तऐवज मानला गेला.

या मार्गाची परिसीमा लंडनमधील हॅलिफॅक्स विमानात दिसते. एप्रिल १९४२ मध्ये 'टिर्पिट्झ' या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्यात मारा लागून हे विमान नॉर्वेतील एका गोठलेल्या सरोवरावर उतरले. चालकदल वाचले; विमान बर्फातून तळाशी गेले. १९७३ मध्ये ते वर काढण्यात आले, आणि आज ते मुख्यतः त्याच भग्नावस्थेत मांडलेले आहे. रंगरंगोटी केलेल्या विमानांच्या रांगेत हे फाटके विमान युद्ध म्हणजे काय हे अधिक स्पष्ट सांगते, असे म्हणावे लागते.

म्हणजे केव्हाही जतनच करावे, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. 'मेम्फिस बेल' हे २५ मोहिमा पुऱ्या केलेले प्रसिद्ध विमान मेम्फिस शहरात अनेक दशके उघड्यावर होते. ऊनपावसाने आणि स्मृतिचिन्हे पळवणाऱ्यांनी त्याची दुर्दशा केली. २००५ मध्ये ते डेटन येथील वायुदल-संग्रहालयात नेण्यात आले आणि १७ मे २०१८ रोजी लोकांपुढे मांडले गेले. जेथे अलीकडच्या दुर्लक्षाने मूळ रूप झाकले आहे आणि मूळ रूपाचा पुरावा भक्कम आहे, तेथे पुनःस्थापन समर्थनीय ठरते. दुर्लक्ष आणि सेवा यांत भेद करणे, हेच येथील खरे कौशल्य होय. गंज हा दुर्लक्षाचा थर. ठिगळ हा सेवेचा. पहिला काढावा, दुसरा राखावा.

उड्डाणाचा आग्रह

विमान उडाले तरच ते विमान, असा एक पक्ष आहे. इंजिनांचा आवाज, तेलाचा वास आणि आकाशातील आकृती यांतून जो बोध होतो तो स्तब्ध वस्तूतून होत नाही, हे त्याचे म्हणणे निराधार नाही. परंतु उड्डाणासाठी जुने रिव्हेट, तारा, नळ्या व प्रसंगी पंखांचे मुख्य आधारही बदलावे लागतात. म्हणजे विमान जितके सुरक्षित तितके ते कमी मूळचे. आणि तरीही धोका उरतोच. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात एक जुने बी-१७ विमान कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी डॅलस येथील प्रदर्शनात दोन ऐतिहासिक विमानांची हवेत टक्कर होऊन ६ जणांचा अंत झाला. मनुष्यहानीपुढे वस्तूची हानी गौण होय. तथापि ज्या जातीची नमुनेच मोजकी उरली आहेत ती उडवावीत का, याचा विचार प्रत्येक वेळी नव्याने करणे प्राप्त आहे.

मांडणी आणि माहितीफलक

कार्यशाळेतील काम संपल्यावर मांडणीचा प्रश्न येतो. छताला टांगलेल्या विमानाच्या सांध्यांवर सततचा ताण राहतो. जमिनीवर ठेवलेल्याचे टायर बसतात, म्हणून भार टेकूंवर घ्यावा लागतो. प्रखर प्रकाशाने कापड व रंग विटतात. हवेतील आर्द्रता स्थिर राखणे हा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत खर्चिक उपाय होय.

याहून अवघड असतो तो माहितीफलक. 'एनोला गे'च्या निमित्ताने अणुबाँबच्या वापराची व त्याच्या परिणामांची चर्चा करणारे मोठे प्रदर्शन स्मिथसोनियनने योजले होते. माजी सैनिकांच्या संघटना आणि लोकप्रतिनिधी यांच्या तीव्र विरोधामुळे ते जानेवारी १९९५ मध्ये रद्द झाले, आणि मे महिन्यात संचालक मार्टिन हारविट यांनी राजीनामा दिला. विमानाचे धड त्या वर्षी मर्यादित माहितीसह मांडले गेले. एका बाजूला चालकदलाचा सन्मान, दुसऱ्या बाजूला बाँबखाली सापडलेल्यांचे दुःख. या दोहोंना एका फलकावर स्थान देणे संग्रहालयाला साधले नाही. यावरून दिसते ते असे की, पत्र्याला दिलेली झिलई हीसुद्धा एक विधान असते. निष्कलंक चकाकणारे विमान तंत्रविद्येचा विजय सांगते. त्याने काय केले हे सांगण्याची जबाबदारी मग सर्वस्वी शब्दांवर येऊन पडते.

भारतीय संदर्भ

भारतात हे प्रश्न अधिक निकडीचे आहेत. आपली पुष्कळशी ऐतिहासिक विमाने चौकांत, छावण्यांच्या दारांत आणि संग्रहालयांच्या उघड्या आवारांत उभी असतात. गोव्यातील नौदलाच्या वैमानिकी संग्रहालयाच्या आवारातील सुपर कॉन्स्टलेशन विमानाचे उदाहरण बोलके आहे. या जातीची विमाने प्रथम एअर इंडियाची प्रवासी विमाने होती. नंतर ती वायुदलाच्या त्याच सहाव्या स्क्वॉड्रनमध्ये आली आणि १९७६ मध्ये नौदलाकडे गेली. अशा विमानाला तीन आयुष्ये असतात, आणि खाऱ्या हवेला त्यांतील कोणत्याच आयुष्याची पर्वा नसते.

छप्पर व हवा-नियमन यांना पैसा लागतो. परंतु काही गोष्टींना त्या मानाने थोडाच खर्च येतो. विमानाला हात लावण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक भागाची छायाचित्रे व मापे घ्यावीत. रंग खरवडण्यापूर्वी त्याचे थर तपासावेत, आणि निदान एका भागावर ते सर्व थर अस्पर्शित ठेवावेत. नव्या भागावर तो नवा असल्याची खूण व सन कोरावा. उसने रूप द्यावयाचे झाल्यास ते उसने आहे, हे फलकावर स्पष्ट लिहावे, आणि विमानाच्या स्वतःच्या सर्व आयुष्यांची नोंद त्याच फलकावर द्यावी. तंत्रविद्येच्या इतिहासात रस असणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे कामाचे मोठे क्षेत्र मोकळे आहे. बंगलोरच्या आणि पुण्याच्या कारागिरांनी केलेल्या कामाचा जो पुरावा कागदावर उतरला नाही, तो अजून काही सांध्यांत आणि ठिगळांत शिल्लक आहे. पुढचा रंगाचा हात फिरण्यापूर्वी त्याची नोंद झाली पाहिजे.